शेजघराची मांडणी : सीमाभागातील एका दालनाचा इतिहास

देवालयातील दिवसाचे सारे उपचार आटोपले, नैवेद्य झाला, दर्शनार्थी पांगले, की रात्री शेजारती होते. दीप मंद होतात, विडा अर्पण होतो आणि देव निद्रेस जातात. पंढरपुरास श्रीविठ्ठलाचे शेजघर या नावाचे स्वतंत्र दालनच असून तेथे देवाचा चांदीचा पलंग आहे. तुळजापुरास श्रीभवानीच्या मंचकी निद्रेसाठी नगर प्रांतातून दरवर्षी पलंग येतो आणि दसऱ्यानंतर आश्विनी पौर्णिमेपर्यंत जगदंबा त्यावर विश्रांती घेते. शेज हा आपल्या परंपरेत एक उपचार आहे. पूजेचा आरंभ जसा विधिपूर्वक, तसाच दिवसाचा शेवटही. नवल एवढेच की, देवाला शेजघर होते, परंतु सामान्य गृहस्थाला ते शतकानुशतके नव्हते.

आज ते आहे. बेळगावात, शहापुरात, खानापुरास किंवा निपाणीस एखाद्या घरी लग्न निघते आणि लग्नापूर्वी घरातील एक खोली नव्याने सजविण्याचे ठरते. मग वाद सुरू होतो. आजोबांचा शिसवी पलंग ठेवायचा की काढायचा? आजीची लाखकामाची पेटी कोठे जाईल? भिंतीतील दिवळी बुजवायची की तशीच ठेवायची? तरुण मंडळी म्हणतात, सारे एका घडणीचे नवे सामान आणावे, मिसळ नको. वडील मंडळी म्हणतात, आहे ते सारे राहू द्यावे. बहुधा निकाल पहिल्या पक्षाकडे लागतो, जुना पलंग मोडीच्या भावाने दारावरून जातो आणि त्याच्याबरोबर घराचा एक अध्यायही जातो. हा वाद सोडविण्यास इतिहासाचे थोडे साहाय्य होईल, अशा समजुतीने पुढील विवेचन केले आहे. आपल्या सीमाभागातील घर मुळापासूनच अनेक घडणींच्या मेळाचे घर आहे. तेव्हा प्रश्न मेळ घालावा की न घालावा हा नसून तो कसा घालावा, एवढाच आहे.

प्रथम जुन्या घराकडे पाहू. या भागातील जुने घर म्हणजे पुढे सोपा, मध्ये माजघर, एका अंगास देवघर व स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परसू. ऐपत असेल तर वर माडी. यांत झोपण्याची खोली म्हणून वेगळे दालन बहुधा नसे. दिवसा ज्या सोप्यावर बैठक, त्याच सोप्यावर रात्री पुरुषमंडळींची अंथरुणे पडत. माजघरात बायकामुले निजत. पहाटे वळकट्या बांधून भिंतीशी रचल्या की सोपा पुन्हा सोपा होई. एखादी अंधारी खोली बाळंतिणीसाठी राखलेली असे. नवदांपत्याला माडीवरची किंवा कोठीलगतची खोली मिळे, तीही घरात पुढचे लग्न होईपर्यंत. म्हणजे शेज ही जागा नव्हती, वेळ होती. त्यामुळे शयनगृहाची सजावट म्हणजे वस्तुतः अंथरुणाची सजावट. घोंगडी, सतरंजी, गादी, उशी आणि पायथ्याशी घडी घातलेली वाकळ एवढाच तिचा संसार. या वाकळेलाच आपले कानडी शेजारी कौदी म्हणतात. खानापूर, हल्याळ, यल्लापूरकडील अरण्यप्रदेशात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियाही जुन्या वस्त्रांच्या तुकड्यांपासून अशीच गोधडी शिवतात. तिला कवंदी असे नाव आहे. नावे निरनिराळी, पण आजीच्या जुनेराची ऊब नातवाच्या अंगावर घालण्याची रीत एकच.

या खोलीत आज ज्या वस्तू आहेत त्यांची नावेच उच्चारून पाहावीत. शेज हा शब्द संस्कृत शय्येपासून, पलंग पर्यंकापासून, खाट खट्वेपासून. चादर आणि पडदा फारसीतून आले. कपाट हा शब्द संस्कृतात दाराच्या फळीसाठी होता. आपण तो आतल्या सामानासकट घेतला. चावी आणि अलमारी पोर्तुगीजांकडून आल्या. विड्याच्या तबकातील अडकित्ता कानडी. कोंकणीत तर या खोलीला ‘न्हिदपाची कूड’ म्हणतात, अंथरुणाला ‘हांतूण’ म्हणतात, आणि त्याच कुडीतील खुर्ची ‘कदेल’ व खिडकी ‘जनेल’ होते. ही दोन्ही नावे पोर्तुगीज आहेत. एकाच उंबरठ्याच्या आत पाच भाषा इतक्या सलोख्याने नांदत असता, केवळ लाकडाला आणि कापडालाच सोवळे पाळावयास सांगणे विचित्र होय.

हा मेळ एका दिवसात झाला नाही. घाटावरचा हा प्रदेश आणि घाटाखालचे गोमंतक यांचे नाते पुरातन आहे. खानापूरनजीकचे हलशी म्हणजे प्राचीन पलसिका. गोव्याच्या कदंब राजांच्या सत्तेखाली गोमंतक आणि पलसिका ही दोन्ही एकत्र नांदली. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत. एकाच मंडपात उभे राहून भक्ताने दोन्हीकडे नमस्कार करावा अशी ती रचना. गोव्याच्या अरण्यातील तांबडी सुर्ला येथील महादेवाचे मंदिर याच काळच्या दख्खनी परंपरेचे. घाट हा आपल्या पूर्वजांना अडसर वाटला नाही; जाण्यायेण्याची वाट वाटली.

पुढे ती वाट दुःखाचीही झाली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १५४३ मध्ये साष्टी व बारदेश त्यांच्याकडे गेले. त्यानंतरच्या धर्मच्छळात देवालये उद्ध्वस्त झाली आणि १५६० च्या सुमारास देवांनाच स्थलांतर करावे लागले. कुशस्थळीचे श्रीमंगेश प्रियोळास आले, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. देवांमागून कुटुंबेही निघाली. काही दक्षिणेस कानड्यात उतरली, काही घाट चढून बेळगाव-शहापूरकडे स्थिरावली. ज्यांनी रात्रीत घर सोडले त्यांच्याबरोबर पलंग आले नसतील. देव, दागिना आणि वस्त्रे आली असतील. परंतु संबंध तुटला नाही. कुलदेवता खाली आणि कुळ वर, असे झाल्यामुळे जत्रेच्या निमित्ताने जाणेयेणे चालूच राहिले, आणि त्या वाटेने कालांतराने गोव्याची कारागिरीही वर आली : चार खांबांचा, मच्छरदाणी बांधण्याच्या सोयीचा शिसवी पलंग; वेताने विणलेल्या पाठीच्या खुर्च्या; शिंपल्यांच्या पातळ तावदानांच्या खिडक्या. मूळ घडण युरोपातील. लाकूड आपल्या सह्याद्रीचे. खांबावरचे कमळ, पान आणि वेल कोरणारा हात आपल्या सुताराचा.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. ज्या पोर्तुगीज सत्तेने मूळ देवालये पाडली, तिच्या शेजारी राहून आपल्या पूर्वजांनी फोंड्याकडे नवी देवालये बांधली तेव्हा परकी म्हणून प्रत्येक रेषा टाळली का? मुळीच नाही. कवळ्याचे आजचे मंदिर शाहू छत्रपतींच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या साहाय्याने, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. मंगेशीचे पाहा, कवळ्याचे पाहा : घुमटाची कल्पना इस्लामी व युरोपीय वास्तूंची, कमानीच्या खिडक्या आणि नक्षीचे कठडे गोव्यातील चर्चच्या शेजारचे, उतरती कौलारू छपरे कोंकणच्या पावसाची, अंगणातील तुळशीवृंदावन व दीपस्तंभ आपले, आणि सभामंडपात काचेची झुंबरे. एवढे सारे आले, परंतु ते गर्भगृहाच्या दारापर्यंत आले. आतील मूर्ती, मंत्र आणि उपचार यांना कोणी हात लावला नाही. बाहेरच्या प्राकारात पाहुण्यास मुक्तद्वार, मंडपात मर्यादेने प्रवेश, गर्भगृहात मात्र कुळाचाराखेरीज काही नाही, हा नियम कोणी लिहून ठेवला नसला तरी त्या वास्तूंत तो दगडाचुन्याने लिहिलेला आहे. शयनगृहाच्या मांडणीला याहून चांगला गुरू शोधूनही सापडणार नाही.

मराठेशाहीच्या उत्तरकाळात सरदारांच्या वाड्यांतून याच नियमाचा दुसरा प्रयोग झाला. निपाणीस सिधोजीराव नाईक निंबाळकरांचा वाडा, शहापुरास सांगलीकर पटवर्धनांचा अंमल. या मंडळींच्या दिवाणखान्यांत लोड-तक्क्यांची बैठक कायम राहिली, पण छताला विलायती हंड्या आल्या आणि भिंतीवर आरसे आले. शहापूरच्या मागावरील लुगडी, सावंतवाडीचे लाखकामाचे पाट, चौरंग व पेट्या, धारवाडकडील नवलगुंदचे जमखाने, गोकाकची रंगीत लाकडी खेळणी अशा चहूबाजूंच्या वस्तू या घरांत एकत्र येत. सावंतवाडीचा माल आंबोलीच्या वाटेने वर येई. बेळगावचे धान्य रामघाटाने खाली जाई. बाजारपेठ जिथे मिळते तिथे घराची सजावटही मिळते.

निपाणीहून अवघ्या ४० किलोमीटरवरील कोल्हापूरचा नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. त्याचा शिल्पकार मेजर चार्ल्स मँट इंग्रज. पण त्याने जैन व हिंदू मंदिरांतील घटक, राजस्थानी धाटणी आणि स्थानिक वाड्यांतील बारकावे एकत्र गुंफले. दरबार दालनातील रंगीत काचा पाहाव्यात. काचेवर चित्र करण्याची विद्या युरोपातील प्रार्थनामंदिरांची, परंतु त्या काचांवर प्रसंग आहेत शिवछत्रपतींच्या चरित्रातील. विद्या बाहेरून घ्यावी आणि तिने आपली कथा सांगावी, असा हा मेळ. त्याच सुमारास राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईस शिळाप्रेस काढून तैलचित्रांच्या पद्धतीने रंगविलेली लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचविली. आज जी चित्रे आपल्याला जुनी आणि आपली वाटतात, ती त्या काळी अगदी नवी आणि अर्धी परकी होती.

शयनगृह म्हणून कायमची वेगळी खोली सामान्यांच्या घरात येऊ लागली ती मात्र इंग्रजी अमलात. १८१८ मध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. पुढे येथे मोठी छावणी वसली आणि चहूकडे आवार, पुढे व्हरांडा व आत प्रत्येक कामासाठी निराळी खोली असा बंगला या शहराने प्रथम पाहिला. जेथे निजावयाचे तेथे दिवसा बसावयाचे नाही, ही कल्पना छावणीतून पेठेत आली. १८८० नंतरच्या दशकात लोहमार्ग आला आणि लोंढ्यावरून मार्मागोव्याशी संबंध जुळला. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास सुरू केलेल्या कारखान्याची चपटी लाल कौले दूरदूरच्या घरांवर चढली. छप्पर उंच आणि हलके झाले, खिडक्या मोठ्या झाल्या, अंधाऱ्या खोलीत उजेड आला. मग वळकटी जाऊन पलंग कायमचा झाला; पलंगाशेजारी तिवई, आरशाचे मेज आणि कपडे टांगण्याची खुंटी आली.

यानंतरचा थर स्वदेशीचा. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत महात्माजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. ते अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे. गंगाधरराव देशपांडे यांनी जवळच्या हुदलीस खादीचे केंद्र उभारले. १९३७ मध्ये गांधीजी तेथे राहूनही गेले. विलायती चादरीची जागा अनेक घरांत खादीच्या पलंगपोसाने घेतली. याच काळात, १९२२ मध्ये, भारत टाइल्सचा उद्योग स्वदेशीच्या प्रेरणेने निघाला आणि विलायती फरशीस तोड देणारी रंगीत सिमेंटची फरशी देशात होऊ लागली. १९२३ पासून गोदरेजने पोलादी कपाटे करावयास घेतली. पुढे लग्नात मुलीला असे कपाट देण्याची रूढीच पडली. १९३० नंतर मुंबईच्या समुद्रकाठच्या नव्या इमारतींबरोबर गोल कडांचे, उभ्या आरशाचे लाकडी सामानही लोकप्रिय झाले. आपण आज ज्याला जुने शयनगृह म्हणतो, त्यात हे सारे थर एकावर एक बसलेले असतात.

मग १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली, चंदगड पलीकडे राहिले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. सीमेचा प्रश्न न्यायालयापुढे आहे, आणि त्याविषयी येथील मराठी माणसाच्या भावना तीव्र आहेत. त्यांचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एक धोका सांगितला पाहिजे. नकाशावर रेघ ओढली की मन घरातही रेघा ओढू लागते : हे आमचे, ते त्यांचे. घर मात्र ही वाटणी मान्य करीत नाही. नवलगुंदचा जमखाना काढून टाकला तर सोपा अधिक मराठी होत नाही आणि गोव्याचा पलंग विकला तर माडी अधिक आधुनिक होत नाही. दोन्ही फक्त अधिक रिकाम्या होतात. आपले वडील कोण होते, कोठून आले, कोणत्या घाटाने चढले, याचा पुरावा अनेक घरांत कागदावर उरलेला नाही. तो लाकडावर आणि वस्त्रावरच आहे.

आता आरंभ कसा करावा, याविषयी थोडेसे. खोली रिकामी करण्यापूर्वी घरातील वृद्धांना तेथे बसवून प्रत्येक वस्तूची हकीकत विचारावी : ही कोणी आणली, कोठून, कोणत्या प्रसंगी? ती वहीत उतरून घ्यावी. सुताराला बोलावणे त्यानंतरचे. हकीकत ऐकल्यावर काय ठेवावे याचा निम्मा निकाल आपोआप लागतो.

मग देवालयाचा नियम आठवावा. गर्भगृहाप्रमाणे खोलीत एकच वस्तू प्रधान असावी. बहुधा ती पलंगच. तो शिसवी असेल तर त्यावर तैलरंगाचा हात फिरवू नये. स्वच्छ पुसून हलके तेल द्यावे, म्हणजे मूळची काळसर झाक उजळते. आजच्या गादीस तो अपुरा पडत असेल तर चांगला सुतार मूळ खांब न कापता आतील चौकट बदलून देतो. त्याभोवतीचा मंडप म्हणजे जमीन, भिंत आणि वस्त्रे. येथे दोन किंवा तीन घडणींना वाव द्यावा, अधिक नको : समजा, खाली नवलगुंदचा जमखाना, पलंगावर हुदलीच्या खादीचा पलंगपोस, पायथ्याशी आजीच्या शहापुरी लुगड्याची वाकळ. तिघींत एखादा रंग समान असला की पुरे. कुंकवाचा लाल बहुधा तिघींतही सापडतो. प्राकारात, म्हणजे कडेला, आजच्या सोयी खुशाल याव्यात : पोलादी कपाट, विजेचा दिवा, लिहिण्याचे मेज. जुन्या हंडीत विजेचा दिवा बसविला तर दोघांचेही काम भागते.

बेळगावच्या हवेचाही विचार हवा. येथील पाऊस दीर्घ आणि ओल चिवट. जुनी भिंत चुन्याची असेल तर तिला चुन्याचीच सफेती द्यावी; त्यावर तैलरंग चढविला की आत कोंडलेली ओल पोपडे काढते. पलंग व कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. लाखकामाची पेटी उन्हाच्या तिरिपीत ठेवू नये. दिवळी बुजवू नये. रात्री पाण्याचा तांब्या आणि पुस्तक ठेवण्यास तिच्याइतकी सोयीची जागा नवा कारागीर करून देणार नाही. देवादिकांची चित्रे देवघरात किंवा सोप्यावर शोभतात. येथे वडिलांचे एखादे छायाचित्र पुरे.

शेवटची सूचना संयमाची. सारे जुने एकाच खोलीत कोंबले तर ते पदार्थसंग्रहालय होईल, आणि तेथे झोप येणार नाही. जे मावत नाही ते भावंडांच्या घरी जाऊ द्यावे. मोडीत जाऊ देऊ नये. मोकळी जागा हीदेखील शेजघराची एक शोभा आहे. देवाच्या शेजघरातही वस्तू मोजक्याच असतात. तेथे शांततेला जागा लागते.

सीमाभागातील आपल्या बंधुभगिनींस एवढीच विनंती आहे. घरात लग्न निघेल, खोली नव्याने मांडण्याची वेळ येईल, तेव्हा पहिला दिवस खरेदीसाठी बाजारात न घालविता त्याच खोलीत, वृद्धांच्या सहवासात घालवावा. जो पलंग आज अडचण वाटतो त्याची हकीकत ऐकून मग त्याचा निकाल करावा. आपल्या पूर्वजांनी परमुलूखात देव नव्याने स्थापिले तेव्हा पुष्कळ काही स्वीकारले, थोडेच राखले. पण जे राखले ते जिवापाड राखले. नव्या सुनेला त्या शेजघरात पाऊल ठेवताना आपण कोणत्या घरात आलो हे कोणी न सांगताही कळावे, इतके राखणे आपल्याही हाती आहे.